पावनखिंडीच्या १५० फोटोंसाठी, बाई, तुमचे आभार

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

नेटवरून चित्र उतरवायचं, वहीत चिकटवायचं, खाली चार ओळी लिहायच्या की चौथीचा इतिहासाचा गृहपाठ झाला. तुम्ही मात्र पावनखिंडीचा प्रसंग मुलांच्या हातून मोबाइलवर स्टॉप मोशनने, म्हणजे वस्तू जराजरा सरकवत एकेक फोटो काढून आणि ते जोडून फिल्म करत, उभा करवलात. आम्हा वर्गशिक्षकांतर्फे मनापासून आभार.

सगळ्यात कामाला आला तो तुमचा पालखीचा हिशेब. सेकंदाला ५ फोटो, फिल्म ३० सेकंदांची, म्हणजे १५० फोटो. दर फोटोला कागदी पालखी ४ मिलिमीटर सरकवली की ६० सेंटिमीटर अंतर होतं, आणि कार्डशीट ७१ सेंटिमीटर लांब. बरोबर मावतं. मुलं घाईने बोटभर सरकवतात. मग पालखी उड्या मारते आणि दहा सेकंदांच्या आत विशाळगड येतो! पालखीमागे हरभऱ्याएवढा क्लेचा गोळा लावला नाही, तर ती पंख्याच्या वाऱ्यानेही हलते.

दोन बाकांवर फळी, फळीच्या कडेबाहेर मोबाइलचा कॅमेरा, वर चिकटपट्टी. मोबाइल फ्लाइट मोडवर, नाहीतर मधेच फोन येतो आणि तो उचलताना फ्रेम सरकते. पडद्यावर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड लॉक करायचा; तसं केलं नाही तर पांढऱ्या शर्टाची बाही जवळ आली की कॅमेरा उजेड बदलतो आणि फिल्म लुकलुकते. खिडकीही बंद हवी, कारण १५० फोटो होईपर्यंत ऊन सरकतं.

आवाज वेगळा रेकॉर्ड करायचा. ३० सेकंदांत चौथीचं मूल साठेक शब्द नीट बोलतं. मोबाइल तोंडापासून वीतभर दूर आणि जरा बाजूला. समोर धरला तर 'फ' आणि 'भ' फुटतात.

पण बाई, खरे आभार मानायचे आहेत ते नकाशासाठी. गूगल अर्थवर पन्हाळा ते विशाळगड सरळ रेघ मोजली की सुमारे ४० किलोमीटर भरतात. मुलं तीच रेघ कार्डशीटवर ओढतात आणि डोंगर, ओढे, खिंड सगळं पुसलं जातं. 'पालखी ओढ्यावरून उडाली का?' एवढंच विचारायचं, हे तुम्ही सांगितलंत. मग वाट आपोआप वळणं घेते. तसंच पार्श्वभूमीचं. जुलै १६६०, आषाढातली रात्र. तपकिरी कोरडा डोंगर चालणारच नाही. चिखल हवा, धुकं हवं. धुक्यासाठी दिव्यापासून लांब धरलेला बटर पेपर पुरतो. पालख्या दोन हव्यात, कारण शिवा काशीद यांची पालखी दाखवली नाही तर सिद्दी जौहरचे सैनिक कसे चकले, ते पाहणाऱ्याला कळत नाही.

पुढे आग्र्याचा धडा आहे. १६६६ चा तो प्रवास एका कार्डशीटवर कसा बसवायचा, हे विचारायला शनिवारी येतो. तुमची ४ मिलिमीटरच्या खुणांची पट्टी तेवढी तोवर आमच्याकडेच राहू द्या.

आपले,
चौथीचे वर्गशिक्षक