टँकर मंजुरीचा अधिकार गावाला हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

टंचाईच्या वर्षी टँकर मंजुरीचे अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडून प्रांताधिकाऱ्यांकडे किंवा तहसीलदारांकडे दिले जातात आणि वर्तमानपत्रांत ‘अधिकारांचे विकेंद्रीकरण’ असा मथळा येतो. मुंबई-पुण्याचं एखादं कार्यालय छत्रपती संभाजीनगरला आलं तरी मथळा तोच असतो. या मथळ्याला माझी हरकत आहे. गावात राहून ग्रामपंचायतीचं काम करणाऱ्या माणसाला त्याने फसवल्यासारखं वाटतं.

‘डिसेंट्रलाइझ’ हे इंग्रजी क्रियापद सैलपणे वापरलं तर वरचं काहीही त्यात बसतं. पण राज्यकारभाराचा अभ्यास करणारे त्यात स्पष्ट फरक करतात. वरच्या अधिकाऱ्याचं काम खालच्या अधिकाऱ्याकडे गेलं तर ते ‘डीकॉन्सन्ट्रेशन’. कायद्याने अधिकार, पैसा आणि जबाबदारी लोकांनी निवडून दिलेल्या संस्थेच्या स्वाधीन केली तर ते ‘डिव्होल्यूशन’. पहिल्यात फक्त कार्यालय जवळ येतं. प्रांत असो की तहसीलदार, त्यांना गावाने निवडलेलं नसतं आणि गावाला त्यांना जाबही विचारता येत नाही. पंचायतींना घटनेत स्थान देणाऱ्या 73 व्या घटनादुरुस्तीला हा दुसरा अर्थ अभिप्रेत होता. ती 24 एप्रिल 1993 पासून अमलात आली. अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी 29 विषय लिहिले, त्यात पिण्याचं पाणी आहे आणि पाणलोट विकासही आहे. मात्र कलम 243 जी असं सांगतं की, राज्याचं विधिमंडळ हे अधिकार देऊ ‘शकेल’. दिलेच पाहिजेत असं तिथे लिहिलेलं नाही. तेवढ्या फटीतून तीस वर्षं निघून गेली.

टँकरचंच बघा. गावची विहीर आटली की ग्रामपंचायत ठराव घेते आणि प्रस्ताव पंचायत समितीत जातो. मग गटविकास अधिकारी आणि तहसीलदार यांची संयुक्त पाहणी. जवळपासची खाजगी विहीर किंवा बोअर अधिग्रहित करता येते का, ते आधी तपासतात. नाही म्हटल्यावर अहवाल वर जातो आणि मग मंजुरी. पाहणीला आलेले साहेब विहिरीत डोकावतात, दोरी सोडून पाणी मोजतात, कागदावर आकडा लिहितात. त्याच विहिरीच्या काठावर गावातल्या बाया रात्री दोन वाजता येऊन बसलेल्या असतात, कारण झरा तेव्हा थोडा भरतो. किती वेळाने किती हंडे निघतात, कोणत्या बाजूचं पाणी गढूळ येतं, हे त्यांना तोंडपाठ असतं. त्यांचं म्हणणं कागदावर कुठेच येत नाही.

खेपा ठरतात त्या माणशी रोज 20 लिटरच्या हिशेबाने. लोकसंख्या कोणती धरायची, हाही प्रश्नच असतो. 2019 च्या दुष्काळात 2011 च्या जनगणनेचे आकडे धरून टँकर दिले जात होते. त्या मे महिन्यात मुख्यमंत्री स्वतः दुष्काळी तालुक्यांतल्या सरपंचांशी फोनवर बोलले, आणि 2018 ची लोकसंख्या धरा, जनावरांचाही विचार करा, अशी सूचना तेव्हा निघाली. मुख्यमंत्र्यांनी सरपंचाचं ऐकून घेतलं हे चांगलंच झालं. पण आपल्या गावात माणसं किती आणि गुरं किती, हे ज्या ग्रामपंचायतीच्या दप्तरात लिहिलेलं असतं, तिला ते मान्य करून घ्यायला थेट मुख्यमंत्र्यांपर्यंत जावं लागलं. त्या उन्हाळ्यात मराठवाड्यात ज्याने हंडा उचलला, त्याला यातली चीड वेगळी सांगायला नको.

पैशाची गत तशीच. 15 व्या वित्त आयोगाच्या निधीतला 80 टक्के वाटा आपल्या राज्यात ग्रामपंचायतीला आला, ही मोठी गोष्ट आहे आणि ती मी नाकारत नाही. त्यातला 60 टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छता यांसाठीच. मराठवाड्यात पाण्यासाठी पैसा बांधून ठेवला तर तक्रार कशाला करायची? अडतं ते पुढे. कामाचं अंदाजपत्रक अभियंत्याने करायचं, तांत्रिक मान्यता त्यांच्या वरच्याने द्यायची. आणि एकेका ग्रामसेवकाकडे दोन-दोन, तीन-तीन गावं. आता त्यांचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी झालं, गावं तेवढीच राहिली. काम गावाकडे आलं, थोडा पैसाही आला, माणूस मात्र आला नाही.

जिल्ह्याच्या पातळीवर तर आपण मागेच गेलो. 1 मे 1962 ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या तेव्हा देशभर त्यांचं नाव होतं. त्याच राज्यात मार्च 2022 मध्ये मराठवाड्यातल्या आठही जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून जास्त काळ तिथे प्रशासक बसले. वित्त आयोगाचा निधी लोकनियुक्त संस्थेलाच मिळतो, त्यामुळे जिल्हा परिषद आणि पंचायत समितीचा वाटाही अडकला. जिल्हा नियोजन समितीत चार-पंचमांश सदस्य स्थानिक संस्थांमधून निवडून यावेत असं घटना सांगते. निवडलेले सदस्यच नसताना जिल्ह्याचा आराखडा ठरवला कोणी? पालकमंत्री आणि अधिकाऱ्यांनी.

मराठवाड्याला विकासनिधीचा न्याय्य वाटा मिळावा म्हणून नेमलेल्या मराठवाडा विकास मंडळाची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली, तेव्हापासून आपण सगळे त्यावर बोलतो आणि ते रास्तच आहे. मुंबईने मराठवाड्याचं ऐकलं पाहिजे. पण संभाजीनगरला बसून किनवटच्या तांड्यावरचा किंवा आष्टीच्या वस्तीवरचा टँकर ठरणार असेल, तर त्या वस्तीला मुंबई काय आणि संभाजीनगर काय, सारखंच लांब.

गावाच्या हाती अधिकार दिले तर सरपंच खाऊन टाकतील, ग्रामसभेला तर कोणी येत नाही, हा आक्षेप मला रोज ऐकू येतो. ग्रामसभेला गणपूर्तीसाठी 15 टक्के मतदार किंवा 100 जण लागतात, आणि बऱ्याच गावांत तेवढेही जमत नाहीत, सभा तहकूब होते. हे खरं आहे. पण ज्या सभेत काही ठरतच नाही, तिथे रोजंदारी बुडवून कोण येईल? संभाजीनगरजवळच्या पाटोदा ग्रामपंचायतीने कर भरणाऱ्यांना दळण मोफत दिलं आणि लोक कर भरू लागले. आपल्या पैशाचं काय होतं ते समोर दिसलं की माणूस हिशेब विचारायला येतो. टँकरच्या खेपेत चोरी झाली तर ती पहिल्यांदा गावातल्या बाईला कळते, कारण तिचा हंडा रिकामा राहतो.

म्हणून मागणी एवढीच. माणशी 20 लिटरच्या मर्यादेत टँकर सुरू करण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला द्यावा. महिला ग्रामसभेने मंजुरी द्यावी, खेपांची नोंद चावडीवर लावावी, आणि तहसीलदारांनी नंतर तपासणी करावी, आधी अडवणूक नको. चोरी सापडली तर सरपंचावर कारवाई व्हावी, त्याला आमची ना नाही. टंचाई आराखड्याचा पहिला टप्पा ऑक्टोबरमध्ये सुरू होतो. तसा शासन निर्णय त्याआधी निघायला हवा. आपल्या वार्ताहरांनी या विषयावर आमदारांना आणि पालकमंत्र्यांना नावानिशी विचारावं, आणि त्यांची उत्तरं छापावीत, ही विनंती.

आपला,
एक ग्रामपंचायत सदस्य
ता. भोकरदन, जि. जालना