सुहासला पत्र: अपडेट टाकू की नको?

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

परवा तू विचारलंस, "फोनला अपडेट आलंय, टाकू की नको?" आणि मी म्हणालो, "लिहून कळवतो." त्यावर तू हसलास. हो किंवा नको, एवढ्याने भागलं असतं असं तुला वाटलं असणार. वर्षभरापूर्वी भागलंही असतं. विचारणाऱ्या प्रत्येकाला मी तेव्हा एकच सांगायचो, आलं की टाकून मोकळे व्हा. अण्णांच्या फोनचं प्रकरण झालं आणि मग माझ्या स्वतःच्या फोनचं झालं. तेव्हापासून माझी जीभ अडखळते.

आधी अण्णांचं सांगतो. एका सकाळपासून ते फोन उचलेनात. घंटा पूर्ण वाजायची आणि थांबायची. सात वेळा लावला, मग घाबरून त्यांच्याकडे जाऊन धडकलो. तर स्वारी खुर्चीत बसलेली, फोन समोर. म्हणाले, "वाजतो रे, पण उचललाच जात नाही. माझ्याच बोटाला काहीतरी झालंय."

बोटाला काही झालं नव्हतं. फोन उचलायला आजवर बोट वर सरकवावं लागे, ते आता आडवं सरकवावं लागत होतं. रात्रीतून कुणीतरी ठरवलं आणि बदललं. अण्णांनी दोन दिवस बोट वरच सरकवलं. पुसून पाहिलं, ओलं करून पाहिलं, आणि शेवटी दोष स्वतःला दिला. मला राग आला तो इथे. दाराची कडी रात्रीत कुणी दुसऱ्या बाजूला बसवली तर आपण कडी बसवणाऱ्याला शोधू. फोनच्या बाबतीत मात्र माणूस आपल्याच म्हातारपणाला बोल लावतो.

गंमत म्हणजे हे दोन मिनिटांत निस्तरलं. बदललं होतं ते फक्त कॉल घेण्याचं ॲप. ॲपच्या माहितीत गेलं की फोनसोबत आलेल्या बऱ्याच ॲपना 'अपडेट अनइन्स्टॉल करा' असा पर्याय असतो. तो दाबला, ॲप मूळ रूपात आलं. मग ॲप स्टोअरमध्ये जाऊन त्या एका ॲपचं आपोआप अपडेट बंद केलं. अण्णांचं बोट बरं झालं.

माझ्या फोनचं इतक्या स्वस्तात निभावलं नाही, कारण तिथे ॲप बदललं नव्हतं, अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे फोन चालवणारं मूळ सॉफ्टवेअरच बदललं होतं. कंपनीचं नाव घेत नाही, तुझाही फोन त्यांचाच निघाला तर उगाच धसका घेशील. आठवडाभर चौकट समोर येत होती: 'आत्ता इन्स्टॉल करा' किंवा 'नंतर आठवण करा'. या दोन वाक्यांकडे जरा नीट बघ. 'नको' हा शब्दच नाही. तुम्ही हो म्हणणार हे ठरलेलं आहे, फक्त केव्हा तेवढं सांगा! एका रात्री फोन चार्जिंगला लावून झोपलो. सकाळी उठलो तर नवी अक्षरं, नवे रंग, मी न मागितलेली दोन ॲप, आणि संध्याकाळपर्यंत टिकणारी बॅटरी दुपारीच मान टाकू लागली.

मी म्हटलं ठीक आहे, जुनी आवृत्ती परत टाकू. एक अख्खा रविवार त्यात घातला आणि मला जे कळलं ते तुला सांगायचंय, कारण सगळी मेख तिथे आहे.

फोन सुरू होताना आपल्या आतलं सॉफ्टवेअर तपासतो. त्यावर कंपनीची डिजिटल सही असेल तरच पुढे जातो. ती सही करायची गुप्त किल्ली कंपनीच्या तिजोरीत. ही व्यवस्था मुळात वाईट नाही. चोराने किंवा हेराने घुसवलेलं सॉफ्टवेअर फोनने चालवू नये म्हणूनच ती आहे. पण त्याच किल्लीने मालकही बाहेर राहतो. आयफोनमध्ये तर इन्स्टॉल करताना ॲपलच्या सर्व्हरची परवानगी लागते, आणि नवी आवृत्ती आली की काही दिवसांत जुनीला परवानगी देणं थांबतं. मग जुनी फाइल तुझ्याकडे जपून ठेवलेली असली तरी उपयोग शून्य. काही अँड्रॉइड फोनांच्या चिपमध्ये अतिसूक्ष्म फ्यूज असतात. काही नव्या आवृत्त्या बसल्या की त्यातला एखादा कायमचा जाळतात, म्हणजे फोनला 'आपण इथवर आलो' हे लक्षात राहतं आणि मागची आवृत्ती तो स्वीकारत नाही. मी पैसे मोजून घेतलेल्या वस्तूच्या पोटात, मी झोपलेलो असताना, मागे फिरायची वाट जाळून टाकायची सोय आहे. हे वाचल्यावर मी उठून दोन घोट पाणी प्यालो.

आता तू म्हणशील, मग अपडेट टाकायचंच नाही. तसं म्हणू नकोस, आणि मी तसं म्हणालो असं कुणाला सांगूही नकोस. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर प्रोग्राम जगभर पसरला. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या कितीतरी रुग्णालयांचं काम त्याने ठप्प केलं. विंडोजमधल्या ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच, म्हणजे दोन महिने आधी दिलेलं होतं. फोनचंही तेच. २०१५ मध्ये अँड्रॉइडमध्ये स्टेजफ्राइट ही त्रुटी सापडली. नुसता एक मल्टिमीडिया मेसेज येऊन फोन ताब्यात जाऊ शकत होता. त्यानंतरच गूगलने दर महिन्याला सुरक्षेचे पॅच, म्हणजे अशी भोकं बुजवणारी छोटी अपडेट, द्यायला सुरुवात केली. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये ॲपलला घाईने अपडेट काढावं लागलं, कारण पेगासस हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर मालकाने कशालाही स्पर्श न करता आयमेसेज या ॲपलच्या मेसेज ॲपमधून आत शिरत होतं. अशा वेळी 'माझा फोन, माझी मर्जी' म्हणत बसणं म्हणजे घराला आग लागली असताना सातबारा शोधत बसणं.

म्हणजे औषध खरंच लागतं. माझी तक्रार आहे ती औषधाच्या पुडीत दुसरं काय काय बांधून देतात त्याबद्दल. भोक बुजवायचं म्हणून दार उघडावं, तर त्याच दारातून नवं रंगरूप येतं, जाहिराती दाखवणारं ॲप येतं, जुन्या चिपला न पेलणारं ओझं येतं. सुटं काही मिळत नाही. घ्यायचं तर सगळं घ्या.

ओझ्याची गोष्ट हवेतली नाही. ॲपलने २०१७ च्या जानेवारीत आलेल्या अपडेटपासून, बॅटरी थकलेले आयफोन मुद्दाम हळू चालवायला सुरुवात केली. कारण अगदीच खोटं नव्हतं. थकलेल्या बॅटरीवर एकदम ताण आला की फोन बंद पडत होते. पण हे लोकांना धड सांगितलं नव्हतं. कितीतरी जणांनी फोन म्हातारा झाला असं समजून नवा घेतला असेल, बॅटरी बदलून भागलं असतं तरी. (अण्णांच्या बोटाचीच गोष्ट ही, फक्त मोठ्या प्रमाणावर.) डिसेंबर २०१७ मध्ये गाजावाजा झाल्यावर कंपनीने माफी मागितली, वॉरंटीबाहेरची बॅटरी ७९ ऐवजी २९ डॉलरला बदलून दिली, आणि पुढच्या वर्षी सेटिंग्जमध्ये बॅटरीची तब्येत दाखवणारं पान आणलं. फ्रान्सने २०२० मध्ये अडीच कोटी युरोंचा दंड केला, तो ग्राहकांना न सांगितल्याबद्दल.

मला त्याहून मोलाचा वाटतो तो इटलीचा निकाल. तिथल्या स्पर्धा नियामकाने ऑक्टोबर २०१८ मध्ये ॲपलला एक कोटी आणि सॅमसंगला पन्नास लाख युरोंचा दंड केला. फोनना न झेपणारी अपडेट टाकायला लोकांना भाग पाडलं हा ठपका होताच. त्यासोबत आणखी एक गोष्ट त्यांनी नोंदवली: मूळ स्थितीला परत जायचा कोणताही मार्ग ग्राहकाला दिला नव्हता. माझा अख्खा रविवार ज्यात गेला ते एका सरकारी संस्थेने शाई लावून लिहिलंय हे वाचून, खरं सांगतो, जरा बरं वाटलं.

एका गोष्टीवर मात्र माझं अजून ठरत नाही. २०१६ चा सॅमसंगचा गॅलक्सी नोट ७ आठवतो? बॅटरी पेट घ्यायची. विमानात न्यायला बंदी झाली, कंपनीने फोन परत मागवले. तरी काही लोक देईनात. मग डिसेंबरमध्ये अमेरिकेत असं अपडेट सोडायचं ठरलं की फोन चार्जच होऊ नये. व्हेरायझन या मोबाइल कंपनीने सुरुवातीला नकार दिला. सुट्ट्यांच्या दिवसांत माणसाकडे दुसरा फोन नसला आणि अडचण आली तर, असं त्यांचं म्हणणं होतं. नंतर तीही तयार झाली. आता बघ, फोन माझा हे खरं, पण तो पेटला तर विमानात शेजारी बसलेलाही जळणार. तिथे मी कंपनीच्याच बाजूने मत देईन असं वाटतं. आणि लगेच वाटतं की त्या दिवशी सगळ्या जगाने पाहिलं, विकलेल्या वस्तूपर्यंत हात किती लांबवर पोचतो ते. नोट ७ साठी लांबवलेला हात पुढे कुणी आखडता घेतला नाही. २०२५ च्या जानेवारीत गूगलने पिक्सेल ४ए फोनांना आपोआप बसणारं अपडेट पाठवलं. बॅटरीचं काम स्थिर राहावं म्हणून, असं कारण दिलं. काही फोनांची बॅटरी त्यामुळे पूर्वीच्या मानाने फार कमी भरू लागली. बदल्यात बॅटरी फुकट बदलून देऊ किंवा पैसे देऊ म्हणाले, हे मान्य. पण विचारलं नाही.

मग फोन कोणाचा? दुकानातून आणला तो डबा, काच, धातू माझा. आतलं सॉफ्टवेअर मला विकलेलंच नाही, वापरायचा परवाना दिलाय, असं त्या लांबलचक करारनाम्यात लिहिलेलं असतं. तो आपण कधी वाचत नाही आणि वाचला तरी 'मान्य' याशिवाय दुसरं बटण नसतं. २००९ मध्ये ॲमेझॉनने लोकांनी विकत घेतलेली काही ई-पुस्तकं त्यांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतली, पैसे परत करून. विकणाऱ्याकडे त्या पुस्तकांचे हक्कच नव्हते हे कळलं म्हणून. कंपनीच्या प्रमुखाने नंतर माफी मागितली. पण विचार कर, कागदी पुस्तकाच्या बाबतीत दुकानदार रात्री घरात शिरून पुस्तक नेऊन उशाशी पैसे ठेवून गेला असता, तर आपण पोलिसांत गेलो असतो की माफी घेऊन गप्प बसलो असतो?

सुटकेची एक वाट आहे, ती तुला सुचवत नाही पण सांगून ठेवतो. फोन सुरू होताना सही तपासणारा जो प्रोग्राम असतो, बूटलोडर, त्याचं कुलूप काही कंपन्या उघडू देतात. मग लिनिएजओएससारखी स्वतंत्र सिस्टिम टाकता येते, आणि कंपनीने सोडून दिलेले फोनही त्यावर पुढे चालतात. पण कुलूप उघडताना फोनमधला सगळा डेटा पुसला जातो, आणि नंतर बँकेची बरीच ॲप 'हा फोन सुरक्षित नाही' म्हणून चालायला नकार देतात. स्वतःच्या घराची किल्ली हातात घेतली म्हणून बँक दारात उभी करेना, असा प्रकार.

कायदे हळूहळू जागे होतायत, पण त्यांची नजर मुख्यतः अपडेट मिळण्याकडे आहे. युरोपात २० जून २०२५ पासून नियम आलाय की त्या मॉडेलची विक्री कंपनीने थांबवल्यानंतरही किमान पाच वर्षं सिस्टिमची अपडेट उपलब्ध राहिली पाहिजेत. चांगलंच आहे. नाकारण्याबद्दल मला सापडलं ते २०१९ च्या युरोपीय निर्देशात: अपडेट टाकायचं की नाही याचं स्वातंत्र्य ग्राहकाला राहावं, असं त्यात म्हटलंय. मात्र नीट कळवूनही टाकलं नाही आणि त्यामुळे बिघाड झाला, तर विक्रेता जबाबदार नाही. हा सौदा मला रास्त वाटतो. मी नको म्हणेन, त्याचे परिणाम मी भोगेन. फक्त नको म्हणता येऊ दे, आणि हो म्हणून पस्तावलो तर परत फिरता येऊ दे. याहून जास्त मी काही मागत नाहीये रे.

आता तुझं. अपडेटच्या खाली 'अधिक माहिती' असतं ते उघड. नुसता सुरक्षा पॅच असेल, आकाराने लहान असेल, तर आज रात्रीच टाक. सिस्टिमच्या नावातला मोठा आकडा बदलत असेल तर आठ-दहा दिवस थांब. तुझ्याच मॉडेलवाले कण्हतायत का बघ. त्याआधी फोटो आणि नंबर दुसरीकडे उतरवून ठेव, कारण टाकल्यावर तू माझ्यासारखा रविवार घालवलास तरी हाती काही लागणार नाही. आणि सेटिंग्जमध्ये आपोआप अपडेटचं बटण असेल तर बंद कर. काही अँड्रॉइड फोनांत ते डेव्हलपर ऑप्शन्समध्ये लपवलेलं असतं. फोनच्या माहितीत बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की तो मेनू उघडतो. सात वेळा! तिथल्या दुसऱ्या कशाला हात लावू नकोस.

सुरक्षा पॅचची तारीख सेटिंग्जमध्येच दिसते. ती बघून मला कळव. वर्षभर जुनी निघाली तर वरचं सगळं विसर आणि आधी टाक.

अण्णांना तुझी आठवण येते. एखाद्या संध्याकाळी फोन कर त्यांना. आता उचलतात.

तुझा,
विनय