‘मोबाईल काढून घेणार नाहीत ना?’

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सध्या शाळाशाळांतून स्नेहसंमेलनांचे दिवस आहेत. नाच, नाटुकली, बक्षीस समारंभ आणि या सगळ्याचे शेकड्यांनी फोटो. म्हणूनच हे पत्र आत्ता लिहिते आहे. मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत आठवीची वर्गशिक्षिका आहे. ज्या मुलीबद्दल लिहिते आहे तिची ओळख कुणाला लागू नये म्हणून माझे नाव आणि गाव छापू नये, ही विनंती.

गेल्या वर्षी संमेलनात या मुलीला वक्तृत्वाची ढाल मिळाली. व्यासपीठावरचा तो फोटो मीच काढला आणि खाली तिचे पूर्ण नाव, इयत्ता, तुकडी लिहून पालकांच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो कुणाच्या स्टेटसला गेला, शाळेच्या फेसबुक पानावर गेला, गावच्या ग्रुपवर गेला. कौतुकच होते सगळे. महिन्याभराने तोच चेहरा वापरून तिच्या नावाने इन्स्टाग्रामवर खोटे खाते उघडले गेले. चेहरा तिचा, बाकीचे चित्र यंत्राकडून (एआयकडून) बनवून घेतलेले. सोबत तिला निरोप: आणखी फोटो पाठव, नाहीतर हा सगळ्या गावाला दाखवतो.

अकरा दिवस ती गप्प होती. बाराव्या दिवशी मधल्या सुट्टीत सगळी पोरे बाहेर पळाली आणि ही बाकावरच बसून राहिली. डबा उघडलेला नव्हता. वहीच्या पानाचा कोपरा दुमडायचा, सरळ करायचा, पुन्हा दुमडायचा, असे तिचे चालले होते. मी जवळ जाऊन बसले तेव्हा तिने पहिले विचारले ते हे: “मॅडम, सांगितलं तर पप्पा मोबाईल काढून घेणार नाहीत ना?”

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. धमकी देणाऱ्यापेक्षा तिला घरच्या रागाची भीती जास्त होती. मोबाईल गेला म्हणजे मैत्रिणी गेल्या, क्लासचा अभ्यास गेला, आणि का काढून घेतला हे चार लोकांना सांगावे लागणार. म्हणजे चूक तिचीच ठरणार. समोरचा माणूस याच भीतीवर आपला धंदा करतो. मूल घरी बोलणार नाही, याची त्याला खात्री असते.

वडिलांना शाळेत बोलावून घेतले. माणूस भला, कष्टाळू. पण ऐकता ऐकता त्यांचे हात थरथरायला लागले आणि माझे बोलणे संपायच्या आत त्यांनी मुलीच्या फोनमधले ॲप, मेसेज, सगळे पुसून टाकले. त्यांना वाटले, घाण धुऊन काढली. प्रत्यक्षात पुरावा गेला. तिच्या एका मैत्रिणीकडे दोन स्क्रीनशॉट होते म्हणून तक्रार तरी उभी राहिली.

म्हणून पालकांना हात जोडून सांगते. असे काही समोर आले तर आधी काहीही पुसू नका. तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या, त्या खात्याची लिंक लिहून ठेवा, मग ते खाते रिपोर्ट आणि ब्लॉक करा. पैसे देऊ नका, आणखी एकही फोटो पाठवू नका. एकदा दिले की मागणी वाढतच जाते. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८. पैसे गेले असतील तर लगेच १९३०. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला व मुलांच्या तक्रारींसाठी वेगळा विभाग आहे. पोलीस ठाण्यात जायला कचरू नका.

शाळेबद्दलही लिहायला हवे. “मुलीच्या भविष्याचा विचार करा, आपसात मिटवून टाकू,” हा सल्ला मला दोन-तीन वडीलधाऱ्यांनी दिला. त्यांचा हेतू वाईट नसेल. पण मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यात खऱ्या किंवा बनावट चित्राच्या आधारे मुलाला अशी धमकी देणे हा लैंगिक छळ धरला आहे. गुन्हा कळूनही पोलिसांना न कळवणे हाही त्याच कायद्याने गुन्हा आहे, आणि मुलाची ओळख गुप्त ठेवण्याचे बंधनही त्यातच आहे. म्हणजे बदनामीच्या भीतीने दडपायचे काही कारणच उरत नाही. मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने आपल्याकडे शाळाशाळांत मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समित्या आल्या. कितीतरी ठिकाणी त्या भिंतीवरच्या फलकापुरत्या आहेत. मुलांनी ऑनलाइन त्रासाबद्दल कुणाशी बोलायचे, त्या बाईंचे नाव प्रत्येक वर्गात माहीत असावे, एवढे तरी या समितीने करावे.

मुलांना मोबाईल चालवायला शिकवायची गरज नाही. ग्रामीण भागातल्या मुलांची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या अहवालात १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांतल्या ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, तर ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. समाजमाध्यमे वापरणाऱ्यांपैकी खाते ब्लॉक किंवा रिपोर्ट कसे करायचे हे साधारण ६२ टक्क्यांना, आणि खाते खासगी कसे ठेवायचे हे ५५ टक्क्यांना माहीत होते. बाकीची मुले दार सताड उघडे टाकून बसली आहेत. या गोष्टी दाखवायला एक तास पुरतो. मी दोन तुकड्यांना दाखवल्या, अर्ध्या तासिकेत झाल्या.

मुलांना समाजमाध्यमांवर बंदी घालावी, ही चर्चा मी वाचते. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्यांची समाजमाध्यमांवरची खाती बंद केली. माझ्या वर्गात मात्र बहुतेक मुलांची खाती वडिलांच्या नाहीतर मामाच्या नंबरावर आहेत आणि जन्मतारीखही त्यांचीच. कंपनीच्या लेखी ते मूल चाळीस वर्षांचे! अल्पवयीनांसाठी ठेवलेले कुठलेही कुंपण मग त्याला लागू होत नाही. आज रात्री पालकांनी एवढे एक काम करावे: मुलाला शेजारी बसवून खात्यातली जन्मतारीख पाहावी.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने मला जास्त विचार करायला लावले. २०२२ पासून तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद. मला त्यात आवडले ते हे की मोठ्यांचेही मोबाईल बंद. जेवताना आपण रील पाहायचे आणि पोराच्या हातातला फोन हिसकायचा, हे पोरांना बरोबर कळते.

फोटोंचे काय करायचे, ते मी माझ्यापुरते ठरवले आहे. ग्रुपवर टाकायचे झाले तर लांबून, गटाचे. नाव नाही, गणवेशावरचा बिल्ला दिसणार नाही. पालकांची परवानगी घेऊनच. पण आम्ही शिक्षक एकटे काय करणार? उपक्रम कुठलाही असो, वरून पहिली मागणी फोटोंची येते. २०१६ मध्ये तर विद्यार्थ्यांसोबत सेल्फी काढून ‘सरल’ या शिक्षण खात्याच्या ऑनलाइन प्रणालीवर टाकायचा आदेश निघाला होता, शिक्षकांनी विरोध केला आणि तो मागे पडला. २०२३ च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला मूल मानले आहे आणि त्याची माहिती वापरायला पालकांची संमती मागितली आहे. शिक्षण खात्याने निदान पुरावा म्हणून मुलांचे चेहरे मागणे थांबवावे.

त्या मुलीच्या नावाचे ते खाते बंद झाले. करणारा कोण, ते अजून कळलेले नाही. वडिलांनी मोबाईल काढून घेतला नाही. आठवडाभर रोज शाळा सुटताना तेच तिला न्यायला येत होते. यंदाच्या वक्तृत्वासाठी तिने अजून नाव दिलेले नाही. यादी मी शुक्रवारपर्यंत उघडी ठेवली आहे.

एक विनंती आपल्यालाही, संपादक महोदय. आपल्या शालेय पानावर स्पर्धांचे निकाल छापताना मुलांच्या फोटोखाली पूर्ण नाव, इयत्ता आणि शाळा असते आणि तेच पान मोबाईलवरही येते. यापुढे फोटो असेल तिथे नुसते पहिले नाव छापता येईल का?

आपली,
एक शिक्षिका, सातारा जिल्हा