दादांच्या मेंदूतील फुगा

कोल्हापूर, मंगळवार

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

दादांच्या शस्त्रक्रियेस आम्ही होकार कळवला आहे. मेंदूच्या धमनीच्या भिंतीला आलेला एवढासा फुगा चिमटा लावून बंद करण्यात अवघड ते काय, असे तू विचारले होतेस, म्हणून सविस्तर लिहितो.

मुळात तो एवढासा नाही. २५ मिलिमीटरहून मोठ्या फुग्याला डॉक्टर ‘जायंट अ‍ॅन्युरिझम’ म्हणतात. दादांचा २८ मिलिमीटरचा, सुपारीएवढा, डाव्या कॅरोटिड धमनीवर (गळ्यातून मेंदूला रक्त नेणाऱ्या) डोळ्यामागे आहे. शेजारचा मज्जातंतू त्याखाली दबल्यामुळे पापणी उतरली आणि एकाचे दोन दिसू लागले. पहिल्या ठिकाणी चष्म्याचा नंबर बदलून बोळवण झाली, याची चुटपुट मला अजून लागून आहे.

मेंदूचे सर्जन डँडी यांनी १९३७ मध्ये अमेरिकेत चांदीची क्लिप, म्हणजे चिमटा, लावून अशा फुग्याची मान (धमनीला जोडलेला अरुंद भाग) बंद केली, तेच तत्त्व आजही चालते. परंतु दादांच्या फुग्याला मान अशी नाहीच, आत जुन्या गुठळ्यांचे थर आहेत आणि भिंत चुन्यासारखी कडक झाल्याने क्लिप घसरण्याची भीती आहे. धमनीच्या आतून जाळीची नळी बसवण्याचा मार्ग मला अधिक पसंत होता, पण त्यानंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या महिनोन्महिने घ्याव्या लागतात आणि दादांच्या अल्सरमधून गेल्या वर्षीच रक्तस्राव झाला होता.

राहिला उपाय धमनीच बंद करण्याचा. तिच्यावाचून मेंदूला रक्त पुरते का, हे पाहण्यासाठी दादा जागे असताना आत बलून फुगवून ती अर्धा तास बंद ठेवायची होती. चौथ्याच मिनिटाला त्यांचा उजवा हात खाली आला, जीभ अडखळली, आणि बलून तत्काळ सोडावा लागला. म्हणून आधी बायपास, म्हणजे रक्ताला दुसरी वाट. उभ्या उसाचा जुना पाट बुजवायचा तर नव्या पाटाने पाणी आधी पोचले पाहिजे, हे आपल्याकडे कुणालाही सांगावे लागत नाही.

नवी धमनी दादांच्याच हातातून घेणार आहेत. सर्जनांनी त्यांना मूठ आवळायला लावून मनगटाच्या दोन्ही धमन्या दाबल्या; मूठ उघडली तेव्हा तळवा पांढराफटक होता, आणि करंगळीकडचा दाब काढताच पाच-सहा सेकंदांत तो गुलाबी झाला. म्हणजे अंगठ्याकडची धमनी काढली तरी हाताला रक्त पुरेल. ‘हे मनगट तालमीत कुणाला सोडवता आले नाही,’ एवढेच दादा हसून म्हणाले.

ती धमनी गळ्यापासून मेंदूपर्यंत नेऊन मायक्रोस्कोपखाली केसाहून बारीक धाग्याने जोडतील. टाके घालताना मेंदूतील धमनी काही मिनिटे बंद ठेवावी लागते. अर्धांगवायूचा धोका तेथे आहे, आणि डॉक्टरांनी तो लपवलेला नाही.

शस्त्रक्रिया गुरुवारी सकाळी आहे. तू बुधवारी रात्रीच ये. वहिनी माझ्यासमोर रडत नाहीत, तुझ्याशी तरी बोलतील.

तुझा,
बाळ