फोन वाजायच्या आधी स्टिरिओ का बोलतो

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

फोन वाजायच्या दोन सेकंद आधी गाडीच्या स्टिरिओतून ‘टट्-ट-टट्, टट्-ट-टट्’ सुरू होतं आणि आंबा घाटात तर ते मधूनमधून आपोआपच येतं, एवढं तुझ्या पत्रात वाचलं आणि निम्मं निदान झालं. दुकानदार नवा स्टिरिओ घ्या म्हणतोय, तर तूर्त थांब. बहुतेक वेळा हे काम फोनच्या सेटिंगवर किंवा शे-दोनशे रुपयांच्या सामानावर भागतं.

हा आवाज टूजीचा, म्हणजे मोबाइलच्या जुन्या नेटवर्कचा आहे. टूजीवर फोन सलग लहरी सोडत नाही. ४.६१५ मिलिसेकंदांच्या एका फ्रेमचे आठ वाटे केलेले असतात. त्यातल्या एका वाट्यात, म्हणजे ०.५७७ मिलिसेकंद, तुझा फोन बोलतो आणि उरलेल्या सातांत गप्प बसतो. म्हणजे सेकंदाला साधारण २१७ वेळा चालू-बंद. ९०० मेगाहर्ट्झची लहर कानाला ऐकू येत नाही, पण ती वायरीतून ॲम्प्लिफायरच्या आत शिरली की तिथला पहिला ट्रान्झिस्टर डायोडसारखा वागतो. लहर तिथेच मरते आणि तिचा चालू-बंदचा ठेका मागे उरतो. २१७ हर्ट्झ म्हणजे कानाला सहज ऐकू येणारा सूर. तो पुढे गाण्याबरोबरच मोठा होतो.

रिंगच्या आधी का, तर टॉवरनं हाक मारली की फोन उत्तर देतो, आणि ते पहिलं उत्तर पूर्ण ताकदीनं जातं. ९०० मेगाहर्ट्झवर ही ताकद २ वॅटपर्यंत असते, १८०० वर १ वॅटपर्यंत. कॉल लागल्यावर टॉवर फोनला आवाज खाली घ्यायला सांगतो. घाटात टॉवर लांब, म्हणून तिथे ताकद वरच राहते. शिवाय नेटवर्क बदललं की फोन स्वतःहून नोंद करतो. न वाजताच येणारी टकटक ती हीच.

आता तुझा प्रश्न: मधली काही वर्षं हे नव्हतं, मग परत कुठून आलं? थ्रीजीवर फोन सलग बोलतो, त्यामुळे हा ठेका तयारच होत नाही. एअरटेलनं २०२० मध्ये थ्रीजी बंद केलं. तेव्हापासून त्यांच्या सिमवर फोरजीची रेंज गेली की फोन थेट टूजीवर उतरतो. जिओकडे टूजी मुळातच नाही. म्हणून पहिलं काम फुकटातलं: सेटिंगमध्ये ‘व्होल्टी’ (फोरजीवरूनच कॉल करायची सोय) चालू आहे का बघ. ते बंद असेल तर इंटरनेट फोरजीवर आणि कॉल मात्र टूजीवर, असा प्रकार होतो. नव्या अँड्रॉइड फोनमध्ये टूजी बंद करायचा वेगळा खटकाही असतो. तो शहरात वापर, घाटात नको. जिथे फक्त टूजीच आहे तिथे फोन मुका होईल, आणि गाडी बंद पडायची ती नेमकी तिथेच.

दुसरं काम म्हणजे फोनची जागा. गिअरच्या पुढच्या खणात फोन ठेवतोस, म्हणजे स्टिरिओच्या मागच्या वायरींपासून वीतभर अंतरावर. तो ठेका तयार होतो लहरीच्या जोराच्या वर्गाच्या प्रमाणात. त्यामुळे अंतर दुप्पट केलं की टकटक साधारण पावपट होते आणि तिप्पट केलं की नवव्या हिश्श्यावर येते. फोन दाराच्या कप्प्यात ठेव, पण त्या दारात स्पीकर आणि त्याची वायर आहे हे ध्यानात घे. डॅशबोर्डच्या वरचा काचेजवळचा स्टँड बरा. फोनला चांदीच्या कागदात गुंडाळायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नकोस. रेंज कमी झाली की फोन आणखी जोरात ओरडतो. पाठीवर चिकटवायच्या ‘रेडिएशनरोधक’ चकत्यांचं तर नावच काढू नको.

एवढं करूनही राहिलं, तर आवाज कुठून शिरतो ते शोधायचं. शेजारी कोणाला तरी बसव, त्याच्या टूजीवर लावलेल्या फोनवरून कॉल चालू ठेव आणि स्टिरिओचा व्हॉल्यूम शून्यावर आण. टकटक गेली तर ती व्हॉल्यूमच्या आधी शिरते, म्हणजे फोन स्टिरिओला जोडणाऱ्या ऑक्सच्या केबलमधून. तेवढीच राहिली तर ती व्हॉल्यूमच्या नंतर शिरते: स्टिरिओपासून सीटखालच्या ॲम्प्लिफायरपर्यंत गाणं नेणाऱ्या आरसीए केबलमधून, नाहीतर स्पीकरच्या वायरींतून. मग कॉल चालू असलेला फोन एकेका वायरीवरून हळूहळू फिरव. जिथे आवाज चढतो तिथे चोर आहे. पाव लहरीएवढी वायर लहर छान पकडते, आणि ९०० मेगाहर्ट्झला पाव लहर जेमतेम ८.३ सेंटिमीटरची, १८०० ला ४.२ ची. म्हणजे बोटभर मोकळी वायरसुद्धा चांगला अँटेना होते. ऑक्सची केबल काही न जोडता लोंबत ठेवायची सवय म्हणूनच वाईट. काढून खणात टाक.

चोर सापडला की वायरीतून येणारी लहर अडवायला फेराइट. लॅपटॉपच्या चार्जरच्या वायरीवर जो काळा गड्डू असतो तोच, पण दोन फाकांचा, क्लिप करून बसणारा. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतो. वायरीच्या जाडीला बेताचा घे, ५ किंवा ७ मिलिमीटर भोकाचा. फाका कटकन बसल्या पाहिजेत. मध्ये केसाएवढी फट राहिली तरी निम्मं काम वाया जातं. आणि तो ज्या टोकाला आवाज शिरतो त्या टोकाला, ॲम्प्लिफायरच्या सॉकेटला अगदी खेटून लाव. वायरीच्या मध्यावर लावलास तर फेराइट आणि ॲम्प्लिफायर यांच्यामधला तुकडा पुन्हा अँटेनाच. ९०० मेगाहर्ट्झसाठी वायर एकदाच आरपार जाऊ दे आणि पाहिजे तर लागोपाठ दोन गड्डू लाव. जास्त वेढे मारले की वेढ्यांमधूनच लहर उडी मारते.

यानंतरही थोडं राहिलं तर सोल्डरिंग करणारा माणूस गाठून ॲम्प्लिफायर उघड. बाहेर काढण्याआधी १० च्या पान्ह्यानं बॅटरीची निगेटिव्ह तार सोड (स्टिरिओला कोड असेल तर तो आधी लिहून ठेव). आरसीए सॉकेटच्या आतल्या बाजूला, मधल्या पिनेपासून अर्थिंगपर्यंत, ३३ पिकोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावायचा, १८०० साठी त्याच्या शेजारी १० चा. पण पायांचा घेऊ नकोस, बोर्डावर सपाट बसणारा, दीड मिलिमीटरचा घे. सेंटिमीटरभर लांबीच्या दोन पायांची मिळून सुमारे २० नॅनोहेन्री होते, आणि तेवढ्यानं ३३ पिकोफॅरडचा कपॅसिटर २०० मेगाहर्ट्झच्या वर निकामी होतो. सपाट असेल तर तोच थेट ९०० च्या आसपास लहरीला अर्थचा रस्ता दाखवतो. स्पीकरच्या बाजूला मात्र हा प्रयोग करू नकोस: गाडीच्या स्टिरिओत स्पीकरच्या दोन्ही वायरी जिवंत असतात, त्यातली एकही बॉडीला लावायची नाही.

तू लिहिलेली ती ‘कुंईंऽऽ’, ॲक्सिलरेटर दाबला की चढणारी, ती वेगळी भानगड आहे. फोन चार्जिंगला आणि ऑक्सला एकदम जोडलेला असला की दोन वाटांनी अर्थ मिळतो आणि त्या फेऱ्यातून अल्टरनेटर गातो. चार्जर उपटून बघ, गेली तर निदान पक्कं. त्यावर ग्राउंड लूप आयसोलेटर: ऑक्सच्या केबलमध्ये मधोमध बसणारी डबी, आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर. स्वस्तातल्या डबीनं ढोलकीचा ठोका जरा पातळ होतो, तेवढं चालवून घे. तरीही कुंई राहिली तर स्टिरिओची अर्थिंगची काळी वायर स्क्रूनं कुठे बसवली आहे ते बघ. रंगावर स्क्रू मारलेला असेल तर पॉलिश पेपरनं पत्रा चकचकीत होईपर्यंत घास, दातेरी वॉशर घाल, वायरीच्या टोकाची कडी (लग) घट्ट कर आणि वरून ग्रीस लाव. तुमच्याकडच्या पावसात उघडा पत्रा एका मोसमात गंजतो. आणि चार्जर लावल्यावर फक्त एफएमच खरखरत असेल तर दोष चार्जरचा. तिथे मात्र चार्जरच्या वायरीचे फेराइटमधून दोन-तीन वेढे घ्यायचे.

सगळ्यात सोपं हवं असेल तर ऑक्स सोडून ब्लूटूथ घे. केबल जाते, तिच्यातून शिरणारी टकटक जाते, आणि फोन मागच्या सीटवर टाकता येतो.

आधी व्होल्टी आणि व्हॉल्यूम शून्याची तपासणी, एवढ्या दोनच गोष्टी रविवारी कर. सिम कुठलं आहे आणि शून्यावर आवाज राहिला की गेला, ते कळव. मग इथून नेमके किती गड्डू पाठवायचे ते ठरवतो. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
दिनू