सूचना: रविवारची फेरी – न्यूयॉर्कचे बोहेमियन नॅशनल हॉल

सभासदांनो,

या रविवारी सकाळी ११ वाजता क्यू मार्गाच्या मेट्रोच्या ७२व्या रस्त्याच्या स्थानकाबाहेर जमावे. ११:१० ला निघू. मागे राहिलेल्यांनी थेट ३२१ ईस्ट ७३वा रस्ता इथे यावे.

क्रम असा: आधी ईस्ट ७१व्या रस्त्यावरची सोकोल (चेक व्यायाम चळवळ) व्यायामशाळा, मग हॉल, शेवटी ७४व्या रस्त्यावरची, पूर्वी यान हुस (चेक धर्मसुधारक) चर्च असलेली इमारत.

चेक (बोहेमियन) स्थलांतरितांच्या या हॉलची थोडी माहिती वाचून या. इमारत १८९५-९७ मधली, वास्तुकार विल्यम फ्रोन. परिसरातले बरेच चेक स्थलांतरित भाड्याच्या दाटीच्या खोल्यांतच सिगार वळत. सभा, नाच, नाटक यांना तिथे जागा कुठून असणार? म्हणून अनेक मंडळांचे काम एका छताखाली आले. मुलांचे चेक भाषेचे वर्गही इथेच भरत, आणि आपल्याकडे मराठी शाळा चालवणाऱ्यांनी तेवढ्यासाठी तरी यावेच. पुढे वस्ती पांगली, देखभाल झेपेना. २००१ मध्ये हॉलची मालक असलेल्या मंडळांच्या संस्थेने इमारत चेक सरकारला एका डॉलरला दिली. दुरुस्तीनंतर २००८ मध्ये ती पुन्हा उघडली.

• दर्शनी भाग दक्षिणमुखी आहे. समोरच्या फुटपाथवरून पाहा, जवळून वरची सिंहमुखे दिसत नाहीत.
• चेक वाणिज्य दूतावासही याच इमारतीत आहे. आत सोडले तर ओळखपत्र लागू शकते, सोबत ठेवा.
• येणार असाल तर शुक्रवार रात्रीपर्यंत गटावर संख्या कळवा.