फुकट झालं ना, मग बिल कशाला?

मा. संपादक,
स. न.

सरकारी आरोग्य योजनांतल्या घोटाळ्याची बातमी आली की आमच्या घरात आप्पांचं ऑपरेशन निघतंच. आप्पा म्हणजे माझे चुलते, मागच्या वर्षी मुतखड्यासाठी एका खासगी हॉस्पिटलात महात्मा फुले योजनेतून अॅडमिट होते. ऑपरेशन चांगलं झालं, डॉक्टरांबद्दल तक्रार नाही. पण डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर औषधांचे म्हणून साडेसहा हजार भरायला लावले, पावती दिली नाही आणि त्यानंतर बेडवर बसवून मोबाइलवर व्हिडिओ काढला, "माझ्याकडून एक रुपयाही घेतला नाही असं बोला आजोबा". आप्पा बोलले! काय करणार, टाके ओले होते आणि घरी जायचं होतं. योजनेच्या पॅकेजमध्ये औषधं, जेवण, अगदी घरी परतायचं एसटीचं भाडंसुद्धा धरलेलं असतं हे आम्हाला नंतर कळलं.

मी तिथं एवढंच विचारलं होतं की आप्पांच्या नावावर सरकारकडून किती पैसे उचलले, तो कागद दाखवा. उत्तर आलं, "तुम्हाला काय करायचंय, तुमचं फुकट झालं ना?"

सगळी गोम इथंच आहे असं माझं मत आहे. ज्याच्या नावावर बिल लागतं त्यालाच ते दिसत नाही, मग पोट उघडलं एकदा आणि कागदावर दोनदा तरी पेशंटला कळणार कसं? आयुष्मान भारत या केंद्राच्या आरोग्य योजनेवरचा कॅगचा (म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्यांचा) रिपोर्ट ऑगस्ट 2023 मध्ये संसदेत आला, त्यात सिस्टिममध्ये आधीच मयत दाखवलेल्या 3,446 पेशंटच्या उपचारापोटी 6.97 कोटी दिल्याचं लिहिलंय. आणि जवळपास साडेसात लाख लाभार्थ्यांच्या नावापुढे मोबाइल नंबर एकच, दहा वेळा 9! सरकारचं म्हणणं की ओळख पटवायला मोबाइल नंबर लागतच नाही. नसेल लागत, पण उद्या "तुमच्या नावावर अमुक ऑपरेशनचे इतके पैसे दिले" असा मेसेज पाठवायचा झाला तर तो जाणार कुठं, त्या नऊ-नऊवर?

नोव्हेंबर 2024 मधलं अहमदाबादचं प्रकरण तर आठवत असेलच, तिथल्या एका खासगी हॉस्पिटलनं मेहसाणा जिल्ह्यातल्या बोरीसणा गावात फुकट तपासणी शिबिर घेतलं, 19 जणांना बसमध्ये घालून शहरात नेलं, सगळ्यांची अँजिओग्राफी आणि 7 जणांना थेट स्टेंट. दोघं गेले. नातेवाइकांना पत्ता लागला तोवर सगळं उरकलेलं होतं. कारण तेच, गावाकडचा माणूस, योजनेचं कार्ड, आणि विचारणारं कोणी नाही.

आता महाराष्ट्रात कव्हर दीड लाखाचं 5 लाख झालंय, चांगलंच आहे, गरिबाला त्याचा आधार आहेच आणि योजना बंद करा असं मी मुळीच म्हणत नाही (आमचे एक पाहुणे म्हणतात, त्यांचा मेडिक्लेम आहे). माझी मागणी साधी आहे. डिस्चार्ज कार्डासोबत एक पान मराठीत छापून द्या, कुठला उपचार दाखवला, किती दिवस, किती रुपयांचा क्लेम टाकला आणि खोटं वाटलं तर फोन कुठं करायचा. वाण्याकडं दोनशेचा किराणा घेतला तरी चिठ्ठी मिळते की. आणि तो व्हिडिओ काढायचाच असेल तर पेशंट घरी पोचल्यावर आठ दिवसांनी योजनेच्या माणसानं येऊन काढावा, हॉस्पिटलच्या बेडवर नको. आप्पा तेव्हा काय बोलतील ते मला माहितीये, फक्त ते छापता येणार नाही.

- एक वाचक, जि. सांगली